पत्रक कोणासाठी लिहिता?

प्रति,
महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा प्रशासन, पाटबंधारे खातं आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणांच्या वतीने बोलणाऱ्या, पत्रकं काढणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

मी एकोणीस वर्षं कृष्णाकाठी बातमीदारी केली. या काळात तुमची हजारो पत्रकं माझ्या हाताखालून गेली. त्यांची भाषा मला इतकी पाठ झाली होती की पहिली ओळ वाचली की शेवटची सांगता यायची. तुमच्यातले अनेक जण मला जवळून माहीत आहेत. रात्री दोनला फोन उचलणारे, ताप अंगावर काढून नियंत्रण कक्षात बसणारे. म्हणून हे पत्र रागाने लिहीत नाही. पण आता गप्प बसवत नाही.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगते. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी धरणातून पाणी सोडल्याचं पत्रक माझ्या हातात पडलं तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मजकूर असा : ‘दुपारी ४ वाजल्यापासून विसर्ग वाढविण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ मी कारकुनाला विचारलं, चारचं पत्रक साडेसातला का? तो म्हणाला, ‘मजकूर दोनलाच तयार होता, मॅडम. साहेब दौऱ्यावर होते, सही राहिली होती.’ आम्ही ती बातमी दुसऱ्या दिवशी छापली, पत्रकात होती तशीच. सकाळी मी काठावरच्या एका गावात गेले, तर एक शेतकरी गुडघाभर चिखलात उभा राहून दोर ओढत होता. दोराच्या टोकाला काही नव्हतं. नदीवर मोटार बसवलेला कोणीही सांगेल, पाणी चढायला लागलं की पहिली धावपळ मोटार वर काढण्याची असते. चार माणसं आणि दोन तास हाताशी असले की ती निघते. याच्या हाताशी तेवढा वेळ होता, फक्त तो असल्याचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ‘पेपर आत्ता आला,’ तो म्हणाला, ‘मोटार रात्रीच गेली.’ त्याच्या बंडीच्या खिशात घडी करून ठेवलेल्या त्या पेपरात माझी बातमी होती.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. हे पत्रक नेमकं कोणासाठी लिहिलं होतं? त्या शेतकऱ्यासाठी नक्कीच नाही. ते साहेबांसाठी होतं, साहेबांच्या वरच्या साहेबांसाठी होतं आणि उद्या चौकशी लागली तर चौकशी अधिकाऱ्यासाठी होतं. ‘सतर्क राहावे’ एवढं लिहून ठेवलं की फाईल पूर्ण होते. पुढे काही झालं तर ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणता येतं. मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, आणि तेच या पत्रात वेगवेगळ्या जागी उभी राहून सांगणार आहे : संकटातला तुमचा कागद वरच्याला दाखवायला लिहिलेला असतो. ज्याच्या दारात पाणी येणार आहे, तो तुमच्या डोळ्यांपुढे नसतो.

‘सतर्क राहावे’ म्हणजे काय करावं? हा प्रश्न मी अनेक अधिकाऱ्यांना विचारला आहे. सतर्क म्हणजे जागं राहायचं का? म्हशी सोडायच्या का? म्हाताऱ्या सासऱ्यांना उचलून पाहुण्यांकडे न्यायचं का? गहू-ज्वारीची पोती माळ्यावर चढवायची का? आणि हे आत्ता की उद्या? तुमच्या वाक्यात यातलं काहीच नाही. ‘विसर्ग वाढविण्यात आला आहे’ या वाक्यात तर माणूसच नाही. कोणी वाढवला, कोणी ठरवलं, काही विचारायचं तर कोणाला विचारायचं?

आता क्युसेकचं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यालगत एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं. लोक झोपेत होते. तळमजल्यावरच्या घरांत पाणी, पार्किंगमध्ये गाड्या बुडालेल्या, शेवटी लष्कराला बोलवावं लागलं. खडकवासल्यातून त्या वेळी ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं जात होतं. आम्हाला कळलंच नाही, असं रहिवासी सांगत होते. कोणत्या यंत्रणेने कोणाला किती वाजता काय कळवलं, यावर पुढे कित्येक दिवस वाद चालला. पण घटकाभर धरून चालू की आकडा वेळेवर कळवला होता. एकतानगरीतल्या माणसाने ३५ हजार क्युसेक या आकड्याचं करायचं काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका सेकंदात. हा हिशेब मला कागद-पेन्सिल घेऊन करावा लागला. आणि तो करूनही पाणी माझ्या जिन्याच्या कितव्या पायरीला लागेल हे कळत नाहीच. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. पूररेषा तुमच्याकडे, नकाशे तुमच्याकडे, मागच्या पुरांच्या नोंदी तुमच्याकडे.

आमच्या सांगलीत बघा. आयर्विन पुलापाशी किती फूट, एवढं एकच सगळं गाव विचारतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ इशारा, ४३ धोका. तिथल्या भाजीवाल्या मावशींपासून शाळेतल्या पोरांपर्यंत हे आकडे सगळ्यांना ठाऊक असतात, कारण प्रत्येक फुटाला एक गल्ली बांधलेली असते. सांगलीत आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड. मग पुढचा भाग. माझी मावशी गावभागात राहते. पावसाळ्यात तिचा फोन आला की ‘कशी आहेस’ विचारण्याआधी ‘आयर्विनला किती?’ एवढंच विचारते. आकडा ऐकला की गॅसची टाकी वर न्यायची की नाही, हे तिला समजतं. ही भाषा कोणत्या सल्लागार कंपनीने तयार केलेली नाही. लोक आणि नदी इतकी वर्षं शेजारी राहिले, त्यातून ती आली. पुण्यात, नाशकात, चिपळुणात प्रत्येक वस्तीपुरती अशी भाषा तयार करायला काय लागतं? विजेच्या खांबावर रंगाचे तीन पट्टे, आणि कोणत्या विसर्गाला कुठला पट्टा बुडतो याचा एक तक्ता. तो तक्ता सोसायटीच्या फलकावर, किराणा दुकानात, रिक्षा स्टँडवर लावा.

फुटांची भाषा सगळं सोडवते असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिचीच किंमत मोजली. लोकांच्या मनात २००५ च्या पुराची खूण पक्की होती. सामान त्या खुणेच्या वर चढवलं आणि माणसं घरात थांबली. ‘पाचलाही इथवरच आलं होतं, याच्यावर येत नाही.’ पाणी २००५ ची खूण ओलांडून गेलं, आयर्विनला ५७ फुटांच्या पुढे. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. त्या दिवसांत कोणीतरी जबाबदार माणसाने उघडपणे म्हणायला हवं होतं, ‘या वेळचा पाऊस वेगळा आहे. २००५ च्या खुणेवर विसंबू नका. किती चढेल हे आम्हालाही आज सांगता येत नाही, म्हणून निघा.’ ‘आम्हालाही सांगता येत नाही’ हे चार शब्द अधिकाऱ्याच्या तोंडून यायला फार जड जातात, मी पाहिलं आहे. आपल्याला माहीत नाही हे कबूल केलं तर लोकांचा विश्वास उडेल, अशी भीती असते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. गावभागातले लोक ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ ऐकलं की पोती बांधायला लागतात.

त्याच पुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्याच्या बातम्या आल्या, पाहणीच्या बोटीवरची हसऱ्या चेहऱ्यांची चित्रफीत घरोघर फिरली, आणि घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तरच धान्य देण्याचा शासकीय आदेश चव्हाट्यावर आला. लोक काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं आहेच. प्रश्न इथेही तोच. तो फोटो, ती चित्रफीत, तो आदेश, कोणी पाहावा म्हणून केला होता?

पुण्याने हे सगळं फार आधी पाहिलं आहे. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं. ते खचू लागलं, लष्कराच्या जवानांनी अंधारात आणि पावसात वाळूची पोती रचून ते धरून ठेवायचा प्रयत्न केला. म्हणजे धोका आहे हे रात्रीच कळलेलं होतं. इकडे शहर झोपलं होतं. सकाळी पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने १८७९ चं खडकवासलाही फुटलं आणि पाणी नारायण, शनिवार, कसबा पेठांत घुसलं. रोजच्यासारखी सकाळ होती, चुली पेटलेल्या, दप्तरं भरलेली. ज्यांनी तो दिवस पाहिला ते आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या बोलण्यात पाण्याच्या उंचीइतकंच एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं : ‘आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही.’ साठ वर्षांनंतरही घर गेल्याच्या आधी ते हे सांगतात. पुढे चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांनी काम पुरं होण्याआधीच आत्महत्या केली आणि न्यायमूर्ती नाईक यांचा दुसरा आयोग नेमावा लागला. त्या रात्री शहरातल्या पेठांमधून भोंगा लावलेल्या गाड्या फिरल्या असत्या तर काय काय वाचलं असतं, हा प्रश्न जुन्या पुण्यात अजून घरोघर विचारला जातो. जुन्या भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या खुणा आहेत. त्यांच्यापुढून जाताना मला दर वेळी ती रात्र आठवते, पाण्याची सकाळ नव्हे.

लोक घाबरतील, पळापळ होईल, म्हणून सांगत नाही, हे तुमचं नेहमीचं कारण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. एकाच शहरात एवढा फरक, आणि कोणत्या भागात काय चाललंय हे त्या रात्री भिजत चालणाऱ्या लाखो माणसांना कोणी सांगत नव्हतं. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाणी येतंय, लाट येतेय अशी आवई उठली आणि अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन माणसं मेली. मुलंही होती त्यात. ही पळापळ खरी माहिती कळल्याने झाली नव्हती. ज्या वस्तीला दोन दिवस कोणी काहीच सांगितलं नाही, ती वस्ती कानावर पडेल त्यावर विश्वास ठेवते. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे तुमच्या पत्रकातलं सगळ्यात आवडतं वाक्य आहे, पण त्याच्या पुढच्या ओळीत ‘खरं हे आहे’ असं काही लिहिलेलं मला क्वचित सापडलं.

तुम्ही लगेच १९९३ चं उदाहरण द्याल, मला माहीत आहे. १२ मार्चला मुंबईत १२ स्फोट झाले. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवारांनी मशीद बंदर या मुस्लिम वस्तीचं नाव घालून १३ सांगितले. दंगल पेटू नये म्हणून हे मुद्दाम केलं, असं पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केलं. यावर माझं मन अजून पक्कं होत नाही. सरकारने खोटं बोलावं हे मला मान्य नाही, आणि ज्या वस्तीचं नाव घेतलं तिथल्या माणसांच्या घरी त्या संध्याकाळी काय झालं असेल हेही डोळ्यांपुढे येतं. पण एक गोष्ट मला नाकारता येत नाही. ते वाक्य बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे ऐकणारा होता. दोनच महिन्यांपूर्वी दंगल पाहिलेल्या शहरात त्या रात्री कोण दगड उचलेल, याचा विचार आधी केला होता. आणि नंतर ते ‘माझा निर्णय’ म्हणून आपल्या नावावर घेतलं. तुमच्या पत्रकात खोटंही नसतं आणि कोणाचं नावही नसतं.

गेल्या काही वर्षांतलं एक चांगलं-वाईट उदाहरण पुन्हा सिंहगड रस्त्याकडचंच आहे. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. पाय लुळे पडायचे, काही जणांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. पुढे आकडा २०० च्या वर गेला. रोज संशयाला नवं नाव मिळत होतं : विहिरीचं पाणी, टँकर, खासगी आर.ओ. प्रकल्प, कोंबडीचं मांस. पाणी उकळून प्या, एवढी एक ओळ मात्र लवकर आणि सगळीकडे पोचली, आणि ती करण्याजोगी होती. बायकांनी पातेली चढवली. याचं श्रेय तुमचं आहे. पण पाणी नेमकं कुठलं वाईट आहे, तपासणीत आज काय निघालं, उद्या कधी सांगणार, हे एका ठिकाणी, एका माणसाच्या तोंडून रोज ठरलेल्या वेळी कळत नव्हतं. नेते एक बोलत, डॉक्टर दुसरं, महापालिका तिसरं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी तीन आठवडे नातवाला अंडंही दिलं नाही, आणि टँकरचं पाणी मात्र गाळून, न उकळता वापरलं.

आता संकट सरल्यानंतरचं थोडं. ‘चौकशीचे आदेश दिले आहेत, दोषींची गय केली जाणार नाही.’ मी स्वतः हे वाक्य किती वेळा छापलं असेल याचा हिशेब नाही. त्यातल्या किती चौकशांचे अहवाल लोकांनी पाहिले? चौकशी आयोगाचा कायदा १९५२ चा आहे. त्यात अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत, काय कारवाई केली त्या टिपणासह, तो विधिमंडळापुढे ठेवायला सांगितलं आहे. खात्यांतर्गत चौकश्यांना तेवढंही बंधन नाही. मग २००५ चा माहिती अधिकार आहे. त्याचं कलम ४ वाचा. लोकांनी अर्ज करण्याची वाट न बघता, लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित माहिती प्रसिद्ध करा आणि निर्णयांची कारणं द्या, असं ते म्हणतं. धरणाचे दरवाजे रात्री किती वाजता उचलायचे याहून लोकांवर जास्त परिणाम करणारा निर्णय कुठला? त्याची नोंदवही दुसऱ्या दिवशी लोकांसमोर ठेवायला अर्ज लागू नये.

जनसंपर्क अधिकाऱ्यांना वेगळं सांगते. तुमची अडचण मला माहीत आहे. तुम्हालाच शेवटी कळतं. बैठकीत तुम्हाला बसवत नाहीत, बैठक संपल्यावर चार ओळी हातात देतात, आणि पत्रकार तुमच्यावर ओरडतात. म्हणून ही मागणी तुमच्या वतीनेही आहे : दरवाजे उचलण्याचा निर्णय होतो त्या खोलीत, निर्णय होतानाच तुमची खुर्ची असली पाहिजे. आणि धोक्याचा इशारा सहीसाठी थांबता कामा नये. २०२३ मध्ये चाचणीचा संदेश आला तेव्हा एकाच वेळी सगळ्यांचे मोबाईल किंचाळले होते, आठवतं? स्वयंपाकघरात माझ्या हातातून उलथनं पडलं. म्हणजे यंत्र आहे, काही सेकंदांत गल्लीगल्लीत पोचतं. त्या यंत्रात घालायचं वाक्य मात्र अजून तेच जुनं असेल, तर मोटार पुन्हा रात्रीच जाईल.

वाक्य कसं हवं ते लिहून दाखवते. ‘रात्री ११ वाजता धरणातून जास्त पाणी सोडणार आहोत. पहाटे ३ च्या सुमारास नदीकाठच्या पहिल्या दोन ओळींतल्या तळमजल्यांत गुडघाभर पाणी येईल. आजारी, म्हातारी माणसं आणि जनावरं १ च्या आत शाळेत हलवा. गाड्या आत्ताच काढा. पाऊस वाढला तर पाणी आणखी चढू शकतं, किती ते आत्ता माहीत नाही. पुढची माहिती १ वाजता देऊ.’ खाली नाव, हुद्दा, फोन नंबर. आणि १ वाजता खरोखर पुढची माहिती द्या. नवीन काही नसेल तर ‘नवीन काही नाही’ एवढं सांगा. आधीचं काही चुकलं असेल तर ‘आधी सांगितलं ते चुकलं’ असं त्याच जागी लिहा, जुना संदेश गुपचूप पुसू नका.

दर वर्षी मे महिन्यात तुम्ही मान्सूनपूर्व आढावा बैठक घेता. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पंप किती, सगळं मोजता. या वर्षी त्या बैठकीत आणखी एक गोष्ट करा. जिथे पाणी सगळ्यात आधी येतं त्या गल्लीतली पाच-सहा माणसं बोलवा. एखादी तळमजल्यावर राहणारी बाई, म्हशीवाला, नदीवर मोटार असलेला शेतकरी, रात्रपाळीचा वॉचमन. त्यांना मागच्या वर्षीची तुमची पत्रकं एकेक करून मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येकानंतर विचारा, हे ऐकून तुम्ही काय कराल? ते जे म्हणतील ते लिहून घ्या.

मला बोलावलंत तर मी येईन. माझ्याकडे जुन्या कात्रणांच्या दोन पेट्या आहेत, त्याही आणते. त्या शेतकऱ्याच्या खिशातली माझी बातमी त्यात आहे. सुरुवात तिच्यापासून करू.

कळावे,
आपली,
कृष्णाकाठची एक माजी बातमीदार